बंदीनंतरचे रातकिडे

परदेशी प्राणी घरात पाळायला बंदी आली आणि समोरच्या प्राण्यांच्या दुकानाचं शटर खाली आलं, ते परत वर गेलंच नाही. रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला वहिनी आपल्या रातकिड्यांच्या पेट्यांकडे बघत बसल्या. आता यांचं काय करायचं?

वहिनींचा धंदा रातकिड्यांचा. रानातून पकडून आणलेले नव्हेत, घरच्या घरी वाढवलेले. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या पेट्या, पेट्यांत अंड्यांचे कागदी ट्रे उभे केलेले, वर बारीक जाळी, खाली उबेपुरता दिवा. ट्रेच्या खळग्याखळग्यात किडे. हा उद्योग नवऱ्याने हौसेने सुरू केला आणि बोटीवर नोकरी लागताच तो बायकोच्या गळ्यात टाकून समुद्रावर निघून गेला. सुट्टीवर आला की मागच्या खोलीत डोकावून म्हणे, "अरे वा, वाढले की!" जणू पोरांची उंचीच बघतोय.

गिऱ्हाईक ठरलेलं असे. शहरात सरडे, पाली, बेडूक, हाताच्या पंजाएवढे कोळी हौसेने पाळणारे लोक पुष्कळ होते. प्राणी समोरच्या दुकानातून घ्यायचा, त्याचं जेवण वहिनींकडून. किडे आकारावर विकले जात: मुंगीएवढे, तांदळाएवढे, शेंगदाण्याएवढे आणि अंगठ्याच्या पेराएवढे. प्राणी लहान असला की मुंगीएवढे न्यायचे, तो वाढेल तसा किड्याचा आकार वाढवायचा. कोणाचं जनावर किती वाढलं, हे वहिनींना असं काउंटरवर बसल्या बसल्या कळे. पण त्यातलं एकही जनावर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. दुकानात सरडा घेऊन कोण येतो? आणि पेट्या सोडून वहिनी तरी कुठे जाणार? खानावळ चालवणाऱ्या बाईला जेवणारी माणसं कधी दिसूच नयेत, तसं ते होतं. कधीकधी किडे मोजताना त्यांच्या मनात येई, हा जो आत्ता चमच्यावर बसलाय, तो कोणाच्या तोंडात जाणार? ते तोंड असेल तरी कसं?

बंदीनंतर थोड्याच दिवसांत पथकाचे साहेब आले. बंदी पाळली जातेय की नाही हे बघणारं पथक. साहेब काटकुळे, आवाज हळू. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "बूट काढू का बाहेर?" असा सरकारी माणूस वहिनींनी पहिल्यांदाच पाहिला.

साहेबांनी पेट्या बघितल्या, एका पेटीला कान लावला आणि निकाल दिला. "रातकिड्यावर बंदी नाही. तो परदेशी नाही, आणि पाळीव तर नाहीच."

"मग विकू?"

"गळाला लावायला विका. मासे धरणाऱ्यांना. तशी परवानगी देतो." मग त्यांची नजर काउंटरवरच्या डब्याकडे गेली. "हे काय?"

ती पांढरी पावडर होती. किड्यांच्या डब्यात चमचाभर टाकायची, डबा हलवायचा, की किडे पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे पांढरे होत. प्राण्याच्या हाडांसाठी चांगली, असं समोरच्या दुकानदाराने फार वर्षांपूर्वी सांगितलं होतं, म्हणून वहिनी टाकत. का आणि कशी चांगली, हे कधी विचारलं नव्हतं.

"ही बंद," साहेब म्हणाले. "प्राण्यांचे दिवे बंद, औषधं बंद, पावडर बंद. किडा चालू. पावडर परत दिसली तर परवानगी जाईल, वहिनी. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

वहिनींनी डबा माळ्यावर टाकला.

पहिले काही आठवडे दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. लोकांनी प्राणी केंद्रात जमा केले असतील, असं वहिनींना वाटलं. शहराबाहेरच्या जुन्या गोदामात सरकारने त्यासाठी केंद्र उघडलं होतं. मग हळूहळू मासे धरणारे येऊ लागले. आधी एक, मग चार, मग रोजचीच रीघ. शहरातल्या नदीत मासा दिसल्याचं कोणाला आठवत नव्हतं, पण मासे धरणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं.

"कुठे धरता मासे?" वहिनींनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना सहज विचारलं.

"नदीवर."

"कुठल्या बाजूला?"

"पाण्याच्या," गृहस्थ म्हणाले आणि डबा काखेत मारून चालू लागले.

एका तरुणीने मुंगीएवढे किडे मागितले. इतका बारीक किडा गळाला कसा लावता, असं विचारल्यावर ती म्हणाली, "हळूच." वहिनींनी पुढे विचारणं सोडून दिलं. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, आणि दोघांनी मिळून माशांवर बोलायचं असा रिवाजच पडला. टेम्पोवाला एक जण दर आठवड्याला मोठाली खोकी भरून नेई. तो तर कशासाठी तेही सांगत नसे.

दुकानाचा पुढचा अर्धा भाग वहिनींच्या नणंदेचा. वन्सं तिथे पडदे शिवत. त्यांना बंदीशी काही देणंघेणं नव्हतं, पण बंदी आल्यापासून त्यांचं शिलाईचं यंत्र थांबायला तयार नव्हतं. सगळ्यांना एकच हवं होतं: जाड कापड, दुहेरी अस्तर, उन्हाची तिरीपही आत येता कामा नये.

"लोकांना अचानक झोपेचं महत्त्व कळलंय बघ, वहिनी," वन्सं तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायच्या. "आधी माझ्याकडे पडदा, मग तुझ्याकडे डबा. मासे धरणारी माणसं फार झोपतात."

दोघी हसायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. त्या हसण्यात काहीतरी बघायचं राहून गेलं होतं, हे तेव्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

ड्रायव्हरसाहेब हे त्या गिऱ्हाइकांतले जुने. शहर बसचे चालक, अंगाने दार भरून टाकणारे, मिशा अशा की त्यांना बघून सिग्नलने हिरवं व्हावं. ते नेहमी अंगठ्याएवढे किडे नेत. एकदा त्यांनी शेंगदाण्याएवढे मागितले. वहिनींना वाटलं, चुकून बोलले असतील. पुढच्या खेपेलाही तेच. आणि एका दुपारी मान खाली घालून ते म्हणाले, "तांदळाएवढे द्या."

वहिनींचा हात चमच्यावरच राहिला. इतक्या वर्षांत आकार वाढताना त्यांनी पाहिला होता, थांबताना पाहिला होता. उतरताना कधी नाही.

"ड्रायव्हरसाहेब, मासा उलटा वाढायला लागला का?"

"अं?"

"नाही, आधी अंगठ्याएवढे नेत होतात. आता तांदळावर आलात."

ड्रायव्हरांनी मागे वळून रस्ता बघितला. "मासा… आताशा नीट चावत नाही."

"गळाला?"

"गळालाही."

"दात पडले का?"

"दात आहेत हो. पण तोंड मिटत नाही त्याचं. आणि हात थरथरतात."

वन्संचं यंत्र थांबलं. दुकानात मागच्या खोलीतली किरकिर तेवढी ऐकू येत राहिली.

"माशाचे हात," वन्सं हळूच म्हणाल्या.

ड्रायव्हरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. डबा उचलून ते निघून गेले. उरलेले पैसे घ्यायलाही थांबले नाहीत.

त्या दिवसापासून वहिनींच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. हात आहेत, म्हणजे सरडा. तोंड मिटत नाही, म्हणजे काय? सरड्याला लकवा होतो? म्हातारपण येतं? जनावरांच्या डॉक्टरांकडे जायची सोय नव्हती. बंदीतला प्राणी आला की डॉक्टरांनी पथकाला कळवायचं, असा नियमच होता.

"आपल्याला काय करायचंय?" वन्सं म्हणाल्या.

"बघायचंय."

"बघून?"

"ते बघितल्यावर कळेल ना, वन्सं."

संधी वन्संकडूनच आली. ड्रायव्हरांच्या घरचा पडदा फरशीवर लोळतोय, तो वर घ्यायचा होता. वन्सं माप घ्यायला निघाल्या तशा वहिनी पडद्याची दांडी खांद्यावर टाकून मागोमाग चालू लागल्या.

ड्रायव्हरांनी दार उघडलं. "दोघी?"

"दांडी जड आहे," वहिनी म्हणाल्या.

"मागच्या वेळी तर यांनी एकटीने आणली होती."

"तेव्हा मी तरुण होते," वन्सं म्हणाल्या आणि त्यांच्या हाताखालून आत शिरल्या.

ती खोली मुलीची होती. टेबलावर शाळेतली पदकं, भिंतीवर वेळापत्रक. मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला गेली होती. भर दुपारी खोलीत इतका अंधार होता की वन्संना आपल्याच कामाचा अभिमान वाटावा. टेबलावर काचेची पेटी होती, तिच्यावर साधा पिवळा बल्ब. आणि पेटीत, एका ओंडक्यावर, तो होता.

वहिनी वाकल्या. वाळूच्या रंगाचा, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा सरडा. कुशीला काट्यांची झालर, गळ्याखाली काटेरी पिशवी, आणि डोळा असा की त्याने आधी वहिनींना पूर्ण न्याहाळलं, मग सावकाश पापणी मिटली. इतकी वर्षं ज्याला जेवू घातलं तो हा. वहिनींना का कोण जाणे, नमस्कार करावासा वाटला.

मग त्यांना बाकीचं दिसलं. खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. पुढचे पाय अंगाखाली वाकडे पडले होते आणि बोटं थरथरत होती. तांदळाएवढे किडे त्याच्या पाठीवरून, डोक्यावरून, उघड्या तोंडाजवळून बिनधास्त फिरत होते. सरड्याने एकदा जीभ काढली. किडा तोंडात गेला, पण जबडा मिटेना. किडा चालत बाहेर आला.

"मुलगी रोज रात्री फोन करते," ड्रायव्हर मागून म्हणाले. एवढ्या देहातून इतका बारीक आवाज. "कसा आहे विचारते. मी सांगतो, मजेत आहे."

"केंद्रात नाही दिलात?"

"बघून आलो होतो एकदा. आधी चौकशी, म्हटलं. त्यांनी सांगितलं, ज्यांना जागा मिळेल त्यांना प्राणिसंग्रहालयात पाठवू. ज्यांना नाही मिळणार त्यांना कायमचं झोपवावं लागेल. हा दहा वर्षांचा म्हातारा. याला कोण जागा देतंय?" त्यांनी टेबलावरच्या पदकांकडे पाहिलं. "मुलीने त्याला शाळेत असल्यापासून सांभाळलंय. जाताना म्हणाली, बाबा, हा तुमच्या जिवावर."

वहिनींचं लक्ष सरड्यावरून किड्यांवर गेलं. आपलेच किडे. तपकिरी, चकचकीत. आणि एकदम त्यांना काहीतरी खटकलं.

"हे आधी पांढरे असायचे."

"हो, तुम्ही ती पावडर टाकायचं बंद केलंत."

"मग मागायची नाही का?"

"मासे धरणारा माणूस पावडर कशी मागणार, वहिनी?"

"आणि मासे धरणाऱ्याला मी ती देणार तरी कशी!" वहिनी म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचाच आवाज उतरला.

खिडकीपाशी वन्सं पडद्याचं टोक हातात धरून उभ्या होत्या. "आणि ही पेटी आधी कुठे असायची?"

"तिथेच, खिडकीत. खिडकी उघडी टाकून. मुलगी त्याला कठड्यावर उन्हात बसवायची. बंदी आल्यावर समोरच्या इमारतीतून दिसेल म्हणून तुमच्याकडून पडदा घेतला."

वन्संनी टोक सोडून दिलं, जणू ते गरम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी समोरच्या प्राण्यांच्या दुकानदाराला शोधत गेल्या. तो आता शेजारच्या गल्लीत प्रवासाच्या बॅगा विकत होता. वहिनींनी विचारलं तसे त्याने कानांवर हात ठेवले. मग एक बॅग उघडून तिच्या आत तोंड घालूनच बोलू लागला.

"हाडं मेणासारखी होतात. पावडर नाही आणि ऊन नाही, की तेच होणार. ही चेन बघा, किती मजबूत आहे. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, उघडं पाहिजे. खूप उशीर झाला नसेल तर सुधारतो, पण महिने लागतात. आतला कप्पा बघा. मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही."

वहिनी बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या हातात नको असलेली एक बॅग होती आणि डोक्यात नको असलेला एक विचार. प्रश्न एका सरड्याचा नव्हताच. बंदीपासून त्यांनी विकलेला प्रत्येक डबा तपकिरी होता. पाण्याच्या बाजूला मासे धरणारे गृहस्थ, हळूच गळ लावणारी तरुणी, सगळ्यांच्या घरी वन्संचा पडदा आणि वहिनींचे किडे. आणि प्रत्येक जण आपापल्या अंधारात एकटाच विचार करत असणार, याला झालंय तरी काय?

संध्याकाळी वहिनींनी माळ्यावरून डबा काढला.

"ती पावडर लपत नाही गं," वन्सं म्हणाल्या. "साहेबांनी स्वच्छ सांगितलंय. परवानगी गेली तर खाणार काय? किडे?"

"तुमचे पडदे आहेत ना."

"म्हणजे मी राबायचं आणि तू परोपकार करायचा."

"असंच काहीसं."

वन्संनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दाताने तोडला. "टाक मग. पण नीट हलव, एका बाजूला साठते."

दुसऱ्या सकाळपासून प्रत्येक डब्यातले किडे पांढरे होऊन जाऊ लागले. म्हाताऱ्या गृहस्थांनी डबा उजेडात धरला. "याने काय होतं?"

"माशांचा जबडा घट्ट होतो," वहिनी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या. "घरी नेल्यावर लगेच खायला घाला, नाहीतर झटकून टाकतात. आणि माशांना रोज उन्हात बसवा. काचेआड नको, उघड्यावर."

गृहस्थांनी मान डोलावली. "माशांना ऊन. बरं." दारापर्यंत जाऊन ते परत आले. "माझ्या माशाची शेपूट वाकडी झालीय. ती सरळ होईल?"

"ते मला नाही सांगता येणार, आजोबा. पण आणखी वाकडी होणार नाही असं म्हणतात."

तरुणीने ऐकलं आणि काउंटरवरच डोळे पुसले. वन्संनी पांढऱ्या जाळीच्या कापडाचे चौकोनी तंबू शिवायला घेतले. गॅलरीत टांगले की लांबून वाळत घातलेले कपडे वाटावेत आणि आत मात्र ऊन यावं. कोणी विचारलं तर त्या सांगत, "माशांची मच्छरदाणी."

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण त्या सगळ्या मासे धरणाऱ्यांत एक जण खरोखर मासे धरणारा निघाला.

त्याच्या टोपीला गळ अडकवलेले असत, बुटांना चिखल असे आणि अंगाला वास. वहिनी आणि वन्संनी त्याला सगळ्यांत पोचलेला नाटक्या ठरवून टाकलं होतं. तो रागाने डबा आपटत म्हणाला, "हे काय लावलंय? पाण्यात टाकलं की ढगासारखं पसरतं! मासा लांबूनच पळतो!"

वहिनींनी त्याला डोळ्याने खुणावलं. "हाडांसाठी चांगली असते."

"कोणाच्या?"

"तुमच्या… माशाच्या."

"अहो बाई, मला मासा खायचाय! त्याची हाडं घट्ट करून मी काय करू?"

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. टोपी खरी होती, चिखल खरा होता. पण तोवर तो पायऱ्या उतरून गेला होता. परवानगीच्या पाटीवर तक्रारीसाठी पथकाचा पत्ता दिलेला होता आणि त्याला वाचता येत होतं.

साहेब आले ते बूट काढूनच आत आले. काउंटरवरच्या डब्यात त्यांनी बोट बुडवलं आणि बोटाकडे बघत राहिले.

"एकच माणूस खरा निघाला," ते म्हणाले, "आणि तोच तक्रार घेऊन आला."

"किडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून टाकतो, साहेब," वन्सं पटकन म्हणाल्या.

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. मग वहिनींकडे बघून म्हणाले, "तसं असेल तर ठीक. आजपासून टाकायची बंद करा. मी तेवढंच कळवतो. परवानगी राहील, दुकान राहील, विषय संपला. काय, वहिनी?"

वाट मोकळी होती. नुसतं हो म्हणायचं होतं. वहिनींना मागच्या खोलीतल्या पेट्या दिसल्या, भरल्या संसारासारख्या गजबजलेल्या. मग त्यांना ते उघडं तोंड आठवलं आणि त्यातून आरामात चालत बाहेर आलेला आपला किडा.

"चिकटू नयेत म्हणून नाही टाकत," त्या म्हणाल्या. "हाडांसाठी टाकते. बंद नाही करणार."

वन्संनी कपाळावर हात मारला.

"कोणाकोणासाठी? नावं?"

"नावं मी विचारत नाही. आकार विचारते."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "परवानगी आजपासून रद्द. यापुढे एक किडाही विकायचा नाही. आणि हा डबा जप्त." त्यांनी डबा काखेत घेतला, दारापर्यंत गेले, बुटात एक पाय घातला आणि तसेच उभे राहिले.

"एक विचारू? सरकारी नाही."

"विचारा."

"आमच्या केंद्रात खोलीभर सरडे आहेत. आले तेव्हा ठणठणीत होते. आता निम्मे मान उचलत नाहीत. तोंड लोंबतं." ते चाचरले. "आम्हाला वाटलं, घरच्या माणसांची आठवण काढतात."

"किडे कुठून आणता त्यांना?"

"टेम्पोवाला आणून देतो."

वहिनी आणि वन्संनी एकमेकींकडे पाहिलं. दर आठवड्याची ती मोठाली खोकी. तपकिरी किड्यांची.

"आणि सरडे ठेवलेत कुठे? ऊन येतं?"

"गोदाम आहे. खिडक्या आहेत की. काचेच्या."

वहिनींनी काउंटरवरचा चमचा उचलून त्यांच्या हातात दिला. "हाही जप्त करा. डब्याला एक चमचा, हलवून, आणि लगेच खायला घालायचं. खिडक्या उघडा, नाहीतर त्यांना बाहेर जाळीखाली उन्हात ठेवा. काचेचा उपयोग नाही. लवकर करा, साहेब. महिने लागतात."

साहेबांनी चमचा खिशात ठेवला. परवानगीची पाटी मात्र त्यांनी जाताना काढून नेली.

मासे धरणारे दुसऱ्या दिवशी आले तेव्हा काउंटर रिकामा होता. वहिनींनी एकेकाला मागच्या खोलीत नेलं. त्या खोलीत आजवर परक्या माणसाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. किडे कसे वाढवायचे हेच तर धंद्याचं गुपित होतं. आता त्यांनी ते सगळ्यांना फुकट वाटून टाकलं. अंडी घालायला ओली माती, पाण्यासाठी भिजवलेला कापूस, ऊब किती, जाळी केवढी. पिलांच्या एकेका ट्रेसह प्रत्येकाची पाठवणी केली. टेम्पोवाल्याला केंद्रासाठी जास्तीचे ट्रे दिले. पावडर जप्त झाली होती; त्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा उपाय निघाला. तो वहिनींना अंड्यांचे ट्रे देत असे, टरफलं मात्र फेकून देत असे. ती धुऊन, वाळवून, अंगाला लावायच्या पावडरीइतकी बारीक दळली की काम भागतं, असं बॅगवाल्याने आणखी एका बॅगेत तोंड घालून सांगितलं.

पेट्या रिकाम्या झाल्या. वहिनी वन्संच्या हाताखाली तुरपाई शिकू लागल्या.

"हे टाके आहेत की रातकिड्याच्या उड्या?" वन्सं विचारायच्या. "उसव."

वहिनी उसवायच्या. उसवताना त्यांचं लक्ष रस्त्यावर असे. म्हाताऱ्या गृहस्थांच्या माशाची शेपूट कशी असेल? केंद्रातल्यांनी माना उचलल्या असतील का? काउंटरवर आकार सांगायला आता कोणी येत नव्हतं, त्यामुळे काही कळायला मार्गच उरला नव्हता. हे त्यांना धंदा गेल्यापेक्षाही जास्त लागलं होतं.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी दार भरून गेलं. ड्रायव्हरसाहेब गणवेशातच आले होते. बस कोपऱ्यावर उभी होती आणि उतारू खिडक्यांतून माना काढून बघत होते.

"सरडा," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द दुकानात उच्चारला. उच्चारल्यावर स्वतःच थोडे दचकले, मग पुढे बोलत राहिले. "जबडा अजून थोडा वाकडा आहे. तसाच राहील बहुतेक. पाय आता थरथरत नाहीत. जाळीच्या तंबूत सकाळभर बसतो. मुलीलाही सगळं खरं सांगून टाकलं. रडली, मग मला ओरडली."

"खातो का?"

ड्रायव्हरांनी उजव्या हाताची तर्जनी वहिनींच्या नाकासमोर धरली. बोटाच्या टोकाला लहान लाल ठिपक्यांची अर्धगोल ओळ होती.

"आज सकाळी. किडा देताना."

"चावला?"

"कडकडून!"

"लागलं का हो?" वन्संनी यंत्रावरूनच विचारलं.

"चांगलंच!" ड्रायव्हरांच्या मिशा दोन्ही बाजूंनी वर गेल्या होत्या. बाहेर उतारू आरडाओरडा करू लागले होते.

वहिनींनी सुई बाजूला ठेवली, ते जाडजूड बोट दोन्ही हातांत धरलं आणि दिव्याखाली नेऊन नीट बघू लागल्या.